सहा आठवड्यांनी काय उरलं?

नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, बी.एड., एमबीबीएस, कॉलेज कुठलंही घ्या, अध्यापन पद्धतींवरचे आपले बहुतेक शोधनिबंध एकाच साच्यातून निघालेले दिसतात. एखादं प्रकरण नव्या पद्धतीने शिकवलं जातं. कुठे फ्लिप्ड क्लासरूम, कुठे गटचर्चा, कुठे नाट्यीकरण. तास संपला की ग्रुपवर गूगल फॉर्म येतो. ‘पूर्णपणे सहमत’वर बहुतेकांची टिक पडते (फॉर्म सरांनीच पाठवलेला असतो आणि इंटर्नलचे गुणही सरांच्याच हातात असतात), आणि पद्धत परिणामकारक ठरल्याचा निष्कर्ष तयार होतो. पदोन्नतीच्या फाइलला एवढं पुरतं. त्या वर्गातली मुलगी उद्या ज्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधणार आहे, त्याला पुरत नाही.

आपण शिकवतो ते खरोखर लागू पडतं का, हे एका टर्ममध्ये, अनुदानाशिवाय आणि टाइमटेबल न मोडता तपासून पाहायची इच्छा असलेल्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. मुख्य सूचना एकच आहे : मोजमाप उशिरा करा, आणि विद्यार्थ्याला ते काम करून दाखवायला लावा. बाकी सगळा तपशील या दोन गोष्टी जमाव्यात म्हणून.

उशिरा का? अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचायचा. काहींनी तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढं कागदावर उतरवायचं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के मजकूर आठवला, उतरवून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने तपासलं तर पारडं फिरलेलं : ४२ विरुद्ध ५६. आता हाच प्रयोग आपल्याकडे झाला असता आणि उत्तरचाचणी प्रथेप्रमाणे तास संपताच घेतली असती, तर पुन्हा पुन्हा वाचणं हीच श्रेष्ठ पद्धत, असा निबंध छापून आला असता. आकडे खरे, सह्या खऱ्या, निष्कर्ष चुकीचा.

हाताच्या कामातही हेच दिसतं. टोरांटोत मोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया शिकणाऱ्या ३८ कनिष्ठ निवासी डॉक्टरांना अतिशय बारीक रक्तवाहिन्या शिवून जोडायला शिकवलं. सत्रं सगळ्यांना चारच. एका गटाची चारही सत्रं एकाच दिवशी झाली, दुसऱ्या गटाची आठवड्याला एक या गतीने. प्रशिक्षण संपल्यासंपल्या दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. महिन्याभराने पुन्हा काम करायला लावलं तेव्हा आठवड्याला एक सत्र मिळालेले डॉक्टर स्पष्टपणे सरस ठरले. हा अभ्यासही २००६ चाच. आपल्याकडे ‘एकदिवसीय कार्यशाळा’ हा प्रकार फार लाडका आहे. दीपप्रज्वलन, बॅनर, संध्याकाळी प्रमाणपत्र. त्या बॅनरच्या मागच्या बाजूला कुणीतरी मोल्टन यांचा आलेख चिकटवायला हवा.

राहिला प्रश्न विद्यार्थ्यांच्या मताचा. हार्वर्डमध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकावी तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटासमोर उत्तम व्याख्यान झालं. दुसऱ्याला तोच मजकूर, तेच कागद देऊन गटात स्वतः गणितं सोडवायला लावली, शिक्षक मदतीला. चाचणीत दुसरा गट पुढे गेला. पण ‘मी किती शिकलो’ या प्रश्नाला जास्त गुण पहिल्या गटाने दिले. २०१९ च्या या अभ्यासाचं स्पष्टीकरण कुठल्याही जुन्या शिक्षकाला पटेल : डोकं चालवायला लागलं की अडखळायला होतं, आणि अडखळणं म्हणजे न कळणं, असं मुलांना वाटतं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. म्हणजे केवळ फीडबॅक फॉर्मवर विसंबलो, तर चांगल्या पद्धतीलाच शिक्षा व्हायची. फॉर्म भरून घ्यायला हरकत नाही. तास कंटाळवाणा होता का, आवाज मागे पोचत होता का, हे कळायला तो उत्तम आहे. शिकणं मोजायला तो बनलेलाच नाही.

मुंबईच्या आयआयटीतलं एक उदाहरण अनुकरणीय आहे. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या, काही शे विद्यार्थ्यांच्या वर्गात तिथल्या संशोधकांनी ‘आधी एकट्याने विचार, मग जोडीत, मग सगळ्यांसमोर’ ही रीत वापरली आणि विद्यार्थी किती गुंतलेले राहतात याची प्रत्यक्ष निरीक्षणं घेतली. ८३ टक्के, असं उत्तर २०१३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं. तिथेच थांबता आलं असतं. पण त्याच गटाचा पुढचा निबंध शीर्षकातच विचारतो की यातून शिकणं खरंच घडतं का. गुंतून राहणं आणि शिकणं या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे अभ्यास. ‘आमचा वर्ग मोठा आहे’ ही सबबही त्यांनी जाता जाता निकालात काढली.

आता तुमच्या कॉलेजकडे येऊ. सुरुवात प्रश्नापासून करा आणि तो लहान ठेवा. ‘नर्सिंग शिक्षणात माहिती तंत्रज्ञानाचा परिणाम’ हा प्रश्न नव्हे, ते परिसंवादाचं नाव आहे. प्रश्न असा असावा : रक्तदाब मोजण्याचा दोन तासांचा सराव एका दिवशी देण्याऐवजी अर्ध्या तासाचा चारदा, आठवड्याच्या अंतराने दिला, तर सहा आठवड्यांनी विद्यार्थिनी अधिक अचूक मोजतात का? यात काय बदललं, काय तेच ठेवलं, काय मोजलं आणि कधी, हे सगळं आलं. प्रश्न एका वाक्यात बसत नसेल तर अजून तो तयार झालेला नाही.

या उदाहरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दोन तासांची बरोबरी. आपल्याकडचे कितीतरी अभ्यास इथेच कोसळतात. नवी पद्धत म्हणजे जादा तास, जादा नोट्स, शिवाय उत्साही शिक्षक; जुनी पद्धत म्हणजे दुपारी तीनचं व्याख्यान. मग नव्याचे गुण वाढले तर ते पद्धतीमुळे की वेळेमुळे, कुणी सांगावं? दोन्ही बॅचना एकच शिक्षक, तेवढीच मिनिटं, तीच उपकरणं, तोच हँडआउट द्या. वॉर्डातली ड्यूटीही दोघींना सारखीच लागलेली असावी, कारण सहा आठवड्यांत खरा सराव तिथेही होतो. ती नोंद वॉर्डच्या रजिस्टरमधून काढता येते.

दुसरी जागा बॅचची. प्रॅक्टिकलच्या बॅचेस आयत्या मिळतात म्हणून ‘बी-१ प्रायोगिक, बी-२ नियंत्रित’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. पण रोल नंबर कसे पडले ते आधी बघा. प्रवेशाच्या क्रमाने पडले असतील तर पहिल्या कॅप राउंडची मुलं एका बॅचमध्ये आणि शेवटच्या राउंडची दुसरीत असणार. शर्यत सुरू होण्याआधीच निकाल ठरलेला. या प्रयोगापुरत्या चिठ्ठ्या टाकून बॅचेस करा. प्राचार्य टाइमटेबल हलवायला तयार नसतील तर अदलाबदल करा : रक्तदाबाला पहिल्या बॅचला विखुरलेला सराव आणि दुसरीला सलग, मग पुढच्या कौशल्याला, समजा नाकातून नळी घालण्याला, उलट. बॅचमधला मूळचा फरक बराचसा फिटतो आणि कुठल्याच मुलीवर अन्याय झाल्यासारखं होत नाही.

गुण कसे द्यायचे? ‘कौशल्य : १० पैकी ७’ असे गुण कामाचे नाहीत. १९७५ साली स्कॉटलंडच्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी वैद्यकीय परीक्षेसाठी वेगवेगळ्या टेबलांवर छोटी कामं आणि प्रत्येकासाठी आधीच ठरवलेली यादी, अशी रीत मांडली. ऑस्की म्हणून ती आता आपल्या वैद्यकीय आणि नर्सिंग कॉलेजांत रुळली आहे; तिची यादी उचला. रक्तदाबापुरती ती अशी होईल : रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवलं का, पाठ टेकलेली आणि पाय जमिनीवर आहेत का, दंडाच्या घेराप्रमाणे पट्ट्याचा आकार निवडला का, हात हृदयाच्या पातळीवर टेकवला का, आधी नाडी चाचपून वरच्या दाबाचा अंदाज घेतला का, हवा सेकंदाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर या गतीने सोडली का. प्रत्येक ओळीला हो किंवा नाही, मधलं काही नाही. शेवटी खरी कसोटी : दोघांना एकाच वेळी ऐकता येईल असा शिकवणीचा स्टेथोस्कोप लावून विद्यार्थिनीचं आणि शिक्षिकेचं माप ताडून बघा. सगळ्यांचीच मापं शून्याने संपत असतील, १२०, १३०, १४०, तर तिथे ऐकणं कमी आणि अंदाज जास्त चालला आहे. हे एक निरीक्षणच निबंधात वेगळ्या परिच्छेदाच्या योग्यतेचं आहे.

यादी भरणाऱ्या व्यक्तीला कोण कुठल्या बॅचची हे माहीत नसावं. ज्याने नवी पद्धत आणली त्यानेच परीक्षक होणं म्हणजे वधूपक्षानेच पत्रिका जुळवणं. दुसऱ्या विभागातल्या सहकारी मॅडमना विनंती करा, त्यांच्या कामात पुढे तुम्ही मदत करा. दोन परीक्षक असतील तर सुरुवातीला पाच-सहा विद्यार्थिनींना दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि कुठल्या ओळीवर मतभेद होतात ते बघावं. मतभेदाची ओळ बहुतेक वेळा मोघम लिहिलेली निघते. ती तिथेच दुरुस्त करा, नंतर नाही.

विषय लेखी परीक्षेचा असेल, उदाहरणार्थ इंजिनिअरिंगचं मेकॅनिक्स किंवा फार्मसीतलं मात्रेचं गणित, तर पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी दोन्ही घ्या. पण वजाबाकी करून थांबू नका. समजा एका वर्गाची सरासरी ४० वरून ७० वर गेली आणि दुसऱ्याची ७० वरून ८२ वर. साधी वजाबाकी सांगते ३० विरुद्ध १२. आता असं बघा : पहिल्या वर्गाला वाढायला ६० गुणांची जागा होती, त्यातली ३० भरली, म्हणजे ०.५. दुसऱ्याला ३० ची जागा होती, १२ भरली, म्हणजे ०.४. फरक आहे, पण वजाबाकीने दाखवला तेवढा नाही. भौतिकशास्त्राच्या अध्यापनात हे माप रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये रूढ केलं. ६२ अभ्यासक्रमांतले सहा हजारांवर विद्यार्थी त्यांनी एकत्र तपासले : पारंपरिक व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ०.२३, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. तुमचा आकडा या दोन खुंट्यांच्या मध्ये कुठे बसतो ते बघायला मजा येते, पण त्यांची चाचणी वेगळी होती हे विसरू नका.

वीस-वीसच्या दोन बॅचेसवर मोठाली संख्याशास्त्रीय यंत्रं चालवायची गरज नाही. आलेख कागदावर प्रत्येक विद्यार्थ्याचा एक ठिपका काढा, दोन बॅचेसचे दोन रकाने. फरक असेल तर डोळ्यांना दिसतो, आणि सरासरी एकाच हुशार मुलामुळे वर गेली असेल तर तेही दिसतं. टी-चाचणी मागाहून करा, गाइडना हवीच असते. उशिराच्या चाचणीला कोण गैरहजर राहिलं तेही नोंदवा. गैरहजर राहणारे बहुधा कच्चे असतात. त्यांना वगळून काढलेली सरासरी आपोआप सुधारते.

बी.एड. आणि डी.एल.एड.च्या अध्यापकांसाठी थोडं वेगळं. इथे शिकणारे दोन : छात्राध्यापक, आणि त्याच्यासमोर बसलेली शाळेतली मुलं. सूक्ष्म अध्यापन १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये सुरू झालं ते पाच-दहा मिनिटांचा पाठ आणि मोजके विद्यार्थी, असं. आपल्याकडे सोयीसाठी सहाध्यायीच विद्यार्थी बनतात. प्रश्न विचारला की पटापट हात वर येतात, कारण पुढचा पाठ त्यांचा असतो. अशा खोलीत प्रश्नकौशल्याला पैकीच्या पैकी मिळाले यावरून सातवी ब मध्ये काय होईल ते कळत नाही. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, आंतरवासितेचे आठवडे वाढले. मोजमाप तिथे, शाळेत करा.

काय मोजायचं? मला सर्वांत आवडणारी गोष्ट फुकट मोजता येते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एक सेकंदभरच थांबतात. मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. छात्राध्यापकाने मोबाइल टेबलावर ठेवून पाठाचं ध्वनिमुद्रण करावं, घरी स्टॉपवॉच घेऊन प्रश्न संपल्यापासून पुढचा शब्द येईपर्यंतची सेकंदं लिहून काढावीत. उत्तरात किती शब्द, किती वेगवेगळ्या मुलांनी तोंड उघडलं, हेही. पहिल्यांदा मोजताना तीन सेकंद फार लांब वाटतात, शांततेची भीतीच वाटते. अर्ध्या छात्राध्यापकांना हा सराव देऊन दोन महिन्यांनी, पाठ निरीक्षणाची तारीख नसलेल्या दिवशी, पुन्हा मोजा. निरीक्षक मागच्या बाकावर बसलेला असताना सगळेच आदर्श शिकवतात.

विषय निवडताना दोन सापळे टाळा. ‘अध्ययन शैलीनुसार अध्यापन’, म्हणजे दृश्य शैलीच्या मुलाला चित्रातून आणि श्राव्य शैलीच्या मुलाला ऐकवून, हा आपल्या लघुप्रबंधांचा सदाबहार विषय आहे. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाची छाननी केली. शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं असा म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो आणि तालाची मात्रा सगळ्यांनाच ऐकून. दुसरा सापळा भिंतीवर टांगलेला असतो : वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं, असं सांगणारा त्रिकोण. तो एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो. डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या अनुभवशंकूत टक्केवारी नव्हतीच. गोल गोल आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले. प्रस्तावनेत तो त्रिकोण असलेला निबंध जाणकार परीक्षक पहिल्याच पानावर मिटतो.

परवानगीचं काम आधी करा. वैद्यकीय संस्थांत एथिक्स कमिटी असते आणि झालेल्या अभ्यासाला मागाहून मंजुरी मागता येत नाही. इतर कॉलेजांत कमिटी नसली तरी मराठीत, एका पानावर, संमतिपत्र घ्या. त्यात स्पष्ट लिहा की नकार दिला तर इंटर्नलवर परिणाम होणार नाही, आणि ते पत्र तुम्ही नव्हे तर त्यांना गुण न देणाऱ्या सहकाऱ्याने गोळा करावं. समोर उभ्या असलेल्या एच.ओ.डी.ना ‘नाही’ म्हणणारी विद्यार्थिनी अजून जन्माला यायची आहे. सहा आठवड्यांनंतर पुन्हा चाचणी होईल हेही आधी सांगा. नेमकी तारीख सांगायची गरज नाही.

वेळापत्रक उलटं मोजत आखा. सत्र परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मुलांच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही, तेव्हा उशिराची चाचणी त्याआधी संपायला हवी. तिच्या सहा आठवडे आधी सराव संपलेला, त्याच्या महिनाभर आधी सुरू झालेला, आणि त्याही आधी कमिटीची बैठक. जूनअखेरीस वर्ग सुरू होणाऱ्या कॉलेजात हा हिशोब मांडला की एप्रिल-मे निघतो. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या कुठे येतात ते कॅलेंडरवर बघूनच दिवस धरा.

लिहिताना निकाल ‘नकारात्मक’ आला म्हणून निबंध कपाटात टाकू नका. विखुरलेल्या सरावाने तुमच्याकडे फरक पडला नसेल तर का, हे वॉर्डचं रजिस्टर सांगेल : कदाचित दोन्ही बॅचेसना ड्यूटीवर रोज दहा-दहा रुग्णांचा रक्तदाब घ्यावा लागत असेल, आणि मग सरावाची मांडणी गौण ठरली असेल. हीसुद्धा दुसऱ्या कॉलेजला उपयोगी पडणारी माहिती आहे. निबंधाला तपासयादी जशीच्या तशी जोडा, मराठीत आणि इंग्रजीत. तुमच्या कोष्टकांकडे फारसं कुणी बघणार नाही, पण यादी लोक उचलतील. लातूरच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या ट्यूटरने पुढच्या वर्षी तीच यादी वापरली, तर दोन कॉलेजांचे ठिपके एकाच आलेखावर मांडता येतील.